वनभोजनाची तोंडीलावणी

कार्तिक शुद्ध नवमीस आवळीच्या झाडाखाली जेवण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. त्यानंतर पौषात हुरड्याचे दिवस येतात, आणि शाळांच्या सहलीही बहुधा याच हिवाळ्यात निघतात. अशा जेवणात भाकरी, पोळी, दशमी यांचा विचार घरोघर होतो. तोंडीलावण्याचा मात्र होत नाही. निघण्याच्या घाईत विकतच्या लोणच्याची बरणी किंवा तयार सॉसची बाटली पिशवीत पडते, आणि पानाच्या डाव्या बाजूचा प्रश्न तेथेच संपतो.

वास्तविक आहारदृष्ट्या ही डावी बाजू क्षुल्लक नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाने दिवसाकाठी ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, म्हणजे सुमारे एक सपाट चहाचा चमचा. लहान मुलांचे प्रमाण याहून कमी. लोणचे टिकते ते मुख्यत्वे मिठावर. त्यात शेकडा १० भाग मीठ धरले, तर १५ ग्रॅमच्या एका फोडीबरोबर दीड ग्रॅम मीठ पोटात जाते, आणि ते भाजी, आमटी व भाकरीतील मिठाखेरीज. तयार सॉसमध्ये मिठाच्या जोडीला साखरही असते. लोणचे वर्ज्य करावे असा याचा अर्थ नव्हे. मात्र सहलीच्या दिवशी तेच एकमेव तोंडीलावणे असू नये.

याला उत्तर आपल्याच स्वयंपाकघरात आहे, ते म्हणजे कोरडी चटणी. विदर्भातील जवस, नाशिकच्या डोंगराळ भागातील खुरासणी म्हणजेच कारळे, सोलापूरची शेंगाचटणी आणि सर्वत्र मिळणारे तीळ ही केवळ चवीची साधने नाहीत. तिळात दर १०० ग्रॅममागे १,००० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक वाटा ओमेगा-३ गटातील स्निग्धाम्लाचा असून, मासे न खाणाऱ्या कुटुंबांना या गटातील स्निग्धाम्ल मिळण्याचे जवस हे एक चांगले साधन होय. कारळ्यात प्रथिने व लोह दोन्ही आहेत. परंतु वनस्पतिजन्य लोह शरीरात सहज शोषले जात नाही. त्यास जीवनसत्त्व ‘क’ची जोड लागते. म्हणून जेवताना चटणीवर लिंबू पिळावे किंवा पानात ताज्या आवळ्याचा कीस वाढावा. लिंबू घरूनच चटणीत मिसळून नेल्यास चटणी ओली होते आणि जीवनसत्त्वही घटते.

चाळीस विद्यार्थ्यांच्या सहलीसाठी माणशी १५ ग्रॅम, म्हणजे सुमारे ६०० ग्रॅम चटणी पुरते. त्यासाठी जवस २५० ग्रॅम, तीळ १५० ग्रॅम, सुके खोबरे १०० ग्रॅम, सुक्या मिरच्या ३० ग्रॅम, सोललेला लसूण ३० ग्रॅम, जिरे व आमचूर प्रत्येकी १५ ग्रॅम, दोन मुठी कढीलिंबाची पाने आणि मीठ १५ ग्रॅम घ्यावे. मंद आचेवर जवस तडतडेपर्यंत भाजावेत. कच्च्या जवसात काही अपायकारक द्रव्ये असतात व ती भाजण्याने कमी होतात. तीळ लवकर करपतात, सबब ते निराळे भाजावेत. खोबऱ्याचा कीस तांबूस करावा. कढीलिंब कुरकुरीत होईपर्यंत आणि लसूण त्यातील ओल जाईपर्यंत परतावा. ओलसर राहिलेला लसूण सगळी चटणी बिघडवतो. सर्व जिन्नस पूर्ण निवल्यावरच कुटावेत. या हिशेबाने प्रत्येक मुलाच्या वाट्याला चटणीतून अर्ध्या ग्रॅमहूनही कमी मीठ येते. आमचुराच्या आंबटपणामुळे ते कमी वाटत नाही. जवसाची पूड लवकर खवट होते, म्हणून ही चटणी आठवड्यापुरतीच करावी.

शेंगदाणे वापरायचे झाल्यास ते निवडण्यात आळस करू नये. सुरकुतलेले, काळपट, बुरशी आलेले दाणे फेकूनच द्यावेत. अशा बुरशीतून निर्माण होणारे अफ्लाटॉक्सिन हे विष यकृतास घातक असून भाजल्याने ते पूर्णपणे जात नाही. स्वस्त मिळालेले जुने दाणे चटणीत खपवण्याची सवय म्हणूनच वाईट. तीळ किंवा शेंगदाणे यांची ॲलर्जी असलेले मूल सहलीत आहे काय, याची चौकशी शिक्षकांनी पालकांकडे आधीच करावी.

ओल्या नारळाची वा दह्यात कालवलेली चटणी चवीला उत्तमच. परंतु सकाळी सहाला वाटून दुपारी एकला उन्हात उघडण्याचा तो पदार्थ नव्हे. ओल, प्रथिने आणि ऊब एकत्र आली की जंतू झपाट्याने वाढतात. वाढणाऱ्याच्या हातावरील जखमेतून अन्नात जाणाऱ्या काही जंतूंचे विष तर पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. दह्याची चटणी हवीच असेल तर विरजण लावलेले भांडे थंड ठेवून वेगळे न्यावे आणि दाण्याचे कूट जेवणाच्या वेळी त्यात कालवावे. याहून सोपा उपाय मेतकुटाचा. भाजलेल्या डाळी, तांदूळ व मसाल्यांची ही पूड कोरडी असते, तिखट नसते आणि लहान मुले ती आवडीने खातात.

डबा स्टीलचा किंवा काचेचा, धुऊन उन्हात वाळवलेला असावा. कलई उडालेल्या पितळी भांड्यात आंबट चटणी भरू नये. चटणी कोमट असताना झाकण लावले तर आत वाफ धरते व कोरडेपणाचा सारा फायदा जातो. वाढण्यासाठी कोरडा चमचा, आणि वाढण्यापूर्वी साबणाने हात धुण्यास पुरेसे पाणी, एवढी सामग्री शिध्याच्या यादीतच लिहून ठेवावी.

गावातील बचत गटाकडून चटणी घ्यावयाची असल्यास ग्रामपंचायत सदस्यांनी त्या गटाची अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ अन्वये नोंदणी झाली आहे किंवा कसे हे पाहावे आणि पुडीवर तयार केल्याची तारीख मागावी. मिठाचे प्रमाणही गटास आधीच सांगून ठेवावे, कारण विक्रीची चटणी टिकावी म्हणून त्यात मीठ सढळ हाताने पडते.