फोन आडवा होतो तेव्हा

मी कला शाखेचा विद्यार्थी. महाविद्यालयाच्या संगणक कक्षात शिकून गेल्या सुट्टीत मी अँड्रॉइडचे एक छोटे अ‍ॅप तयार केले. डाळिंबाच्या छाटणीच्या चित्रफिती त्यात होत्या. फोन आबांच्या हाती दिला. कात्री नेमकी कुठे लावतात ते दिसेना, म्हणून त्यांनी फोन आडवा केला. तोच ७ मिनिटे २० सेकंदांवर आलेली चित्रफीत पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. “माझ्या हातून काही चुकलं का रं?” आबांनी विचारले. चूक माझी होती. ती कोणती, हे सांगण्याचा हा अल्प प्रयत्न.

आबांनी फोन आडवा केला तो योग्यच. पडदा १०८० बिंदू रुंद व १९२० बिंदू उंच असेल, तर १६:९ प्रमाणाची चित्रफीत उभ्या पडद्याचा एक तृतीयांशाहून कमी भाग व्यापते. आडव्या पडद्यावर ती पूर्ण पडदा भरते.

फोनमधील अ‍ॅक्सेलेरोमीटर गुरुत्वाकर्षणाची दिशा ओळखतो. फोन वळला, की अँड्रॉइड चालू असलेली अ‍ॅक्टिव्हिटी, म्हणजे अ‍ॅपचे समोरचे पान, मोडून टाकते आणि नव्या आकाराला योग्य अशी मांडणी घेऊन ते नव्याने उभारते. जुन्या पानाबरोबर त्यातील प्लेअरही जातो. नव्या पानाला मागचे काहीच ठाऊक नसते. साहजिकच ते शून्यापासून आरंभ करते.

यावर उपाय तीन. पहिला, पान मोडण्यापूर्वी चित्रफितीचे स्थान टिपून ठेवणे. आबांच्या वेळी ते ४,४०,००० मिलिसेकंद होते. प्लेअर सोडून देण्याआधीच ही नोंद करावी. चित्रफीत चालू होती की थांबवलेली, हेही टिपावे. दुसरा, प्लेअर व्ह्यूमॉडेलमध्ये ठेवणे. २०१७ साली गूगलने आणलेली ही सोय पान बदलले तरी टिकते. तिसरा, अ‍ॅपच्या मॅनिफेस्टमध्ये ‘दिशा व पडद्याचा आकार बदलल्यास पान मोडू नये’ असे लिहून ठेवणे. मग नवी मांडणी आपणच करावयाची.

तिसरा मार्ग सोपा वाटतो. पण केवळ त्यावर विसंबू नये. फोनची भाषा बदलली तरी पान मोडतेच. शिवाय स्मृती अपुरी पडून पार्श्वभूमीतील अ‍ॅपच बंद झाले, तर व्ह्यूमॉडेलही उरत नाही. म्हणून स्थानाची नोंद प्रत्येक वेळी हवीच.

दुरुस्ती झाल्यावर आबांनी फोन तीनदा फिरवून पाहिला. कात्री जिथल्या तिथे होती. ते हसले.

यंत्र अडले, की आमच्या घरात प्रत्येकाला आपलेच चुकले असे वाटते. पहिल्या वर्षी वर्गात मलाही तसेच वाटत असे. जो अ‍ॅप लिहितो, त्याने निदान हा संकोच वाढवू नये, एवढे मी यातून शिकलो.