उसाच्या ट्रॉलीचे ब्रेक आणि दिव्यांचे वायरिंग



गळीत हंगाम जवळ आला की ट्रॅक्टरवाले टायर पाहतात, इंजिनचे ऑइल बदलतात, हूक वेल्डिंग करून घेतात. ट्रॉलीच्या ब्रेकची मात्र कोणी विचारपूस करत नाही. विचारले तर उत्तर मिळते, "ट्रॅक्टरला ब्रेक आहे ना, मग झालं!" हे उत्तर किती महाग पडू शकते, ते आधी हिशेबाने पाहू.

समजा ट्रॅक्टर दोन टनांचा आहे आणि ताशी २० कि.मी. वेगात मोकळा असताना ५ मीटरमध्ये थांबतो. त्यामागे चारचाकी ट्रॉली उसासह १० टनांची जोडली. आता वजन १२ टन झाले, पण ब्रेक तेवढेच. ढोबळ हिशेबाने थांबायला सहापट, म्हणजे ३० मीटर लागतील. वेग २० वरून ३० केला तर अंतर आणखी सव्वादोन पट वाढते. मौदा-रामटेककडून येताना समोर एखादी बंडी आडवी आली, तर एवढी जागा मिळेल काय?

दुसरी गोष्ट ढकलण्याची. उतारावर भरलेली बंडी जशी बैलांच्या अंगावर येते, तशी बिनब्रेकची ट्रॉली ट्रॅक्टरच्या अंगावर येते. वळणावर असे झाले तर ट्रॅक्टर आडवा फिरतो व उलटतो. म्हणून एकच सूत्र ध्यानात ठेवावे : ज्या चाकांवर वजन, त्या चाकांना ब्रेक.

ब्रेक कोणता घ्यावा?

(१) धक्क्याचा ब्रेक : ट्रॅक्टर हळू झाला की ट्रॉली पुढे दाबते, त्या दाबानेच तिचे ब्रेक लागतात. हा साधा व स्वस्त. पण लांब उतारावर सारखा लागून तापतो, आणि मागे घेताना खटका न लावल्यास ट्रॉली अडते. हलक्या एकेरी ट्रॉलीलाच ठीक. दोन ट्रॉल्या ओढणाऱ्याने याच्या नादी लागू नये.

(२) तेलाच्या दाबाचा ब्रेक : यासाठी ट्रॅक्टरला ट्रेलर-ब्रेकचा वेगळा व्हॉल्व्ह असावा लागतो. पेडल जेवढे दाबाल तेवढाच दाब ट्रॉलीकडे जातो. ट्रॉली उचलण्याच्या जॅकच्या लाइनला टी मारून ब्रेक जोडण्याचा जुगाड करू नये. तो एकतर लागत नाही, नाहीतर एकदम चाक जाम करतो. ट्रॅक्टरचे हायड्रॉलिक तेल आणि मोटारीचे ब्रेक ऑइल एकमेकांत मिसळू नये. रबरी सील फुगून खराब होतात.

(३) हवेचा ब्रेक : इंजिनवर कॉम्प्रेसर व हवेची टाकी लागते, म्हणून खर्च जास्त. परंतु जड वजनाला व जोड-ट्रॉलीला हाच उत्तम. दोन नळ्यांच्या पद्धतीत लाल नळी हवा पुरवते, पिवळी हुकूम देते. ट्रॉली सुटून लाल नळी तुटली तर ब्रेक आपोआप लागतात. टाकीतले पाणी रोज सोडावे.

कोणताही ब्रेक असो, ट्रॉलीचा ब्रेक ट्रॅक्टरच्या किंचित आधी लागला पाहिजे. म्हणजे ट्रॉली ट्रॅक्टरला मागून ओढून सरळ धरते.

दिव्यांचे वायरिंग

मागच्या माणसाला तुम्ही थांबता आहात हे कळले नाही, तर चांगला ब्रेकही अर्धाच कामाचा. सात पिनी सॉकेटमध्ये साधारणपणे जोडणी अशी असते : १ डावा इंडिकेटर, २ जादा दिव्यासाठी, ३ अर्थ, ४ उजवा इंडिकेटर, ५ उजवा मागचा दिवा, ६ ब्रेकचा दिवा, ७ डावा मागचा दिवा. वायरचे रंग प्रत्येक मिस्त्री वेगळे वापरतो, म्हणून आकडे पाहावेत आणि टेस्ट-दिव्याने खात्री करावी.

अर्थची वायर स्वतंत्र व जाड, २.५ चौरस मि.मी.ची घ्यावी. "लोखंड लोखंडाला लागलंच आहे" म्हणून हुकावर भिस्त ठेवू नये. तेथे ग्रीस, गंज आणि माती असते. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मिणमिणू लागला, तर अर्थ कच्चा आहे असे समजावे.

२१ वॅटचे ब्रेकचे दोन बल्ब १२ व्होल्टवर साडेतीन अँपिअर घेतात. दुसरी ट्रॉली जोडली की सात अँपिअर होतात. फ्यूज त्या मानाने असावा; त्याजागी तार बांधू नये, वायर जळते. फ्लॅशरही वाढलेल्या बल्बांना पेलणारा हवा. वायर चौकटीच्या आतून न्यावी, उसाच्या वाढ्यांत लोंबकळू देऊ नये.

हंगामाआधीची तपासणी

- चाक जॅकवर उचलून फिरवावे. घासेपर्यंत ब्रेक आवळून थोडा सैल करावा. दोन्ही बाजू सारख्या असाव्यात.
- सपाट जागी हळू वेगात ब्रेक लावून पाहावे. नंतर ड्रमजवळ जपून हात न्यावा. एक तापला व दुसरा थंड असेल तर जोडणी चुकली.
- रस्त्यावर ट्रॅक्टरची डावी-उजवी ब्रेक-पेडल खिट्टीने जोडूनच चालवावे. एकच पेडल दाबले गेले तर ट्रॅक्टर फिरतो.
- हुकाची पिन निसटू नये म्हणून लॉक-पिन आणि सोबत सुरक्षा साखळी लावावी.
- उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाकावा. न्यूट्रलमध्ये गाडी सोडू नये.
- नाल्यातून निघाल्यावर ओले ब्रेक दोन-चारदा हलके दाबून वाळवावे.
- मागे व बाजूला परावर्तक पट्ट्या लावाव्या. बल्ब गेला तरी त्या चमकतात.

ट्रॉली हेही नोंदणी लागणारे वाहन आहे; केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांत ब्रेक, दिवे व परावर्तक यांच्या तरतुदी आहेत. पण नियमाच्या भीतीपेक्षा मोठी गोष्ट दुसरी आहे. रात्री तोडणीचे मजूर पोराबाळांसह उसाच्या मोळ्यांवर बसून येतात. त्यांना वर बसू देऊच नये, हे पहिले. आणि रस्त्यावर जे चालत, सायकलने, बंडीने जातात, त्यांचा जीव आपल्या ब्रेकच्या हाती असतो, हे दुसरे. खेप एक कमी झाली तर दुसऱ्या दिवशी भरून निघते. गेलेला माणूस भरून निघत नाही. तेव्हा पहिली मोळी भरण्याआधी ट्रॉली मिस्त्रीकडे न्यावी.