सागवानाची पेटी आणि स्पीकरचा आवाज

प्रश्न : घराच्या जुन्या बांधकामातील सागवानी फळ्या पडून आहेत. त्यांची स्पीकरची पेटी आणि स्टँड केल्यास आवाज सुधारेल का? हाताशी करवत, ड्रिल आणि क्लॅम्प एवढेच आहे.
– एक वाचक, केळझर (जि. वर्धा)

उत्तर : सागवानाने आवाज गोड होतो, ही समजूत वाद्यांवरून आलेली दिसते; सतारीचा भोपळा घुमावा लागतो, स्पीकरची पेटी मात्र मुकीच हवी, कारण तिच्या भिंतींची थरथर मूळ ध्वनीत मिसळून तो गढूळ करते. शिवाय विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात अखंड लाकूड आकसते, पावसाळ्यात फुगते आणि रुंद फळ्यांचे सांधे उकलून हवा गळू लागते. म्हणून पेटीसाठी १८ मिमी जाडीचे प्लायवूड घ्यावे व शक्यतो दुकानातच यंत्रावर कापून घ्यावे; काटकोन नेमके असले की आपल्याकडील अवजारे पुरेशी आहेत. घनफळ, म्हणजे आतील हवेची जागा, स्पीकरच्या माहितीपत्रकाप्रमाणे ठेवावे : आतून २० × २५ × ३० सेंमी म्हणजे १५ लिटर, त्यातून आत बसवायच्या आडपट्टीची व स्पीकरने व्यापलेली जागा वजा करावी. ही आडपट्टी समोरासमोरच्या भिंतींना जोडते आणि थरथर बरीच आटोक्यात आणते. सांध्यांना गोंद सलग लावावा.

सागवान स्टँडसाठी उत्तम. पाया रुंद असावा आणि ट्वीटर, म्हणजे उंच स्वरांचा लहान स्पीकर, बसलेल्या श्रोत्याच्या कानाच्या पातळीत यावा. जुन्या फळ्यांतील मोडके खिळे मात्र करवत लावण्यापूर्वी काढावेत, आणि घासताना नाकातोंडावर मास्क ठेवावा.