फिशटँकला सांडवा कोणता?

प्रवरेवरच्या भंडारदरा धरणाला जसा सांडवा, तसा खाली पंपाची टाकी असलेल्या घरगुती फिशटँकलाही लागतो. जादा पाणी त्यातून खाली उतरते, पंप ते पुन्हा वर चढवतो. टाक्या बनवणाऱ्या आपल्या कारागीर बांधवांनी सांडवा निवडताना एकच पाहावे : वीज जाऊन परत आली की काय होईल?

काठावर अडकवायचा सायफनचा डबा सोपा. काचेला भोक लागत नाही. पण सायफनमध्ये हवा शिरली की उतार थांबतो, पंप मात्र चालूच राहतो आणि गिऱ्हाईकाच्या घरात पाणी होते. म्हणून आम्ही भोक पाडलेला सांडवा सुचवतो. पाईप दोन ठेवावेत. पहिला तुंबला तर दुसरा, थोड्या उंच तोंडाचा, कामी येतो. भोक साध्या काचेलाच पाडावे, टफन काच फुटते.

वीज गेली की सांडव्याच्या काठावरचे पाणी खाली येते. ४ फूट बाय दीड फूट टाकीत १ इंच पाणी म्हणजे सुमारे १४ लिटर. तेवढी आणि पाइपातल्या पाण्याची जागा खालच्या टाकीत रिकामी हवी. पंप बंद-चालू करून गिऱ्हाईकाला दाखवावे, मगच हिशेब करावा.