मानेतल्या शिरा आणि विमानाचं तिकीट

कोथरूड, पुणे

चि. मृणाल,


तुझी लांबलचक मेल वाचली आणि सोबतचं त्या परदेशी क्लिनिकचं माहितीपत्रकही. जाऊ की नको, असं विचारलं आहेस. नको जाऊस. का ते सविस्तर लिहिते, कारण नुसत्या ‘नको’वर गप्प बसणाऱ्यांतली तू नाहीस.

आधी एक गंमत ऐक. तुझ्या एमएसवर (मल्टिपल स्क्लेरॉसिसवर) मानेतल्या शिरा रुंद करण्याच्या ज्या उपचारासाठी तू पुण्याहून परदेशी निघाली आहेस, त्याच उपचारासाठी २०१०-११च्या सुमारास कॅनडातले एमएसचे रुग्ण पुण्यात येत होते. तिथले डॉक्टर हे करायला तयार नव्हते, म्हणून कुणी पोलंड गाठलं, कुणी मेक्सिको, कुणी कोस्टारिका आणि काहींनी आपलं पुणं. इथे तर शिरा रुंद करण्याच्या जोडीला स्टेम सेलही मिळत. आपल्याकडच्या माणसाला वाटतं, खरं औषध परदेशात आहे. परदेशातल्यांना तेव्हा ते इथे आहे असं वाटत होतं.

मूळ कल्पना इटलीतल्या फेरारा विद्यापीठाचे सर्जन पाओलो झाम्बोनी यांची. त्यांच्या पत्नीलाच एमएस होता, त्यामुळे त्या माणसाच्या तळमळीवर मी शंका घेणार नाही. त्यांचं म्हणणं असं, की मेंदूतून रक्त परत आणणाऱ्या मानेतल्या आणि छातीतल्या शिरा अरुंद होतात, रक्त मागे तुंबतं, मेंदूत लोह साचतं आणि त्यातून दाह होतो. मग जांघेतल्या शिरेतून कॅथेटर वर न्यायचा, फुगा फुगवायचा आणि वाट मोकळी करायची. २००९मध्ये त्यांनी ६५ रुग्णांवरचा अनुभव प्रसिद्ध केला. त्याच वर्षी नोव्हेंबरात कॅनडाच्या टीव्हीवर त्यावर कार्यक्रम झाला आणि लोकांची रीघ लागली. मोरी तुंबली की काठी घालून मोकळी करायची, हे कुणालाही चटकन पटतं. रोगप्रतिकारशक्ती आपल्याच मज्जातंतूंवरचं आवरण कुरतडते, हे पटायला जड जातं.

आता माझ्या कामातलं सांगते. कॅथलॅबमध्ये माझी उमेदीची वर्षं गेली, फुगे आणि स्टेंट किती पाहिले त्याला हिशेब नाही. पण ते हृदयाच्या धमन्यांतले. धमनीची भिंत जाड, ती आकार धरून ठेवते. शीर पातळ असते. तू आडवी झालीस की मानेतली शीर फुगते, उठून बसलीस की मिटते. दीर्घ श्वास घेतलास, कमी पाणी प्यालीस, तरी तिचं माप बदलतं. म्हणून सोनोग्राफीत आज ‘अरुंद’ दिसलेली शीर उद्या ठीक दिसू शकते. फुग्याने रुंद केलेली शीर पुन्हा आक्रसते. झाम्बोनींच्या त्या ६५ जणांतसुद्धा मानेतल्या शिरा जवळजवळ निम्म्या रुग्णांत परत अरुंद झाल्या होत्या. मग काही ठिकाणी लोक स्टेंट घालू लागले. धमनी पुढे पुढे निमुळती होते, त्यामुळे सुटलेला स्टेंट अडकून राहतो. शीर हृदयाकडे जाताना रुंद होत जाते. तिथे सुटलेला स्टेंट कुठे पोहोचेल, ते तूच सांग. स्टेंट असा हृदयात जाणं अमेरिकेत खरोखर घडलं आहे. मे २०१२मध्ये अमेरिकेच्या एफडीएने या उपचाराबद्दल इशारा दिला. त्यात मृत्यू, पक्षाघात, रक्ताच्या गाठी, सरकलेले स्टेंट हे सगळं आहे.

मग या कल्पनेच्या तपासण्या झाल्या, आणि त्या चांगल्या झाल्या. २०१३मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये कॅनडाचा अभ्यास आला. एमएसचे रुग्ण, त्यांची निरोगी भावंडं आणि नात्यात नसलेली निरोगी माणसं, तिन्ही गटांत अरुंद शिरा जवळपास सारख्याच प्रमाणात निघाल्या. पुढे कॅनडातच १०४ रुग्णांवर प्रयोग झाला. निम्म्यांच्या शिरेत फुगा फुगवला, निम्म्यांना कॅथेटर घालून तसाच बाहेर काढला. कुणाला काय झालं हे रुग्णालाही ठाऊक नाही आणि पुढे त्याला तपासणाऱ्या डॉक्टरलाही नाही. वर्षाने दोन्ही गटांत फरक नव्हता. निकाल जाहीर झाला २०१७मध्ये. त्याच वर्षी स्वतः झाम्बोनींनी इटलीतल्या ११५ रुग्णांवरच्या अशाच प्रयोगाचा निष्कर्ष छापला: काळजीपूर्वक केल्यास प्रक्रिया सुरक्षित, पण बहुतांशी निरुपयोगी, म्हणून एमएससाठी शिफारस करता येत नाही. आपल्या नावाने जगभर गाजलेली गोष्ट स्वतःच तपासायची आणि ती टिकली नाही तर तसं लिहून मोकळं व्हायचं, याला छाती लागते. तुझ्या माहितीपत्रकात झाम्बोनींचा फोटो आहे, हा निष्कर्ष नाही.

‘पण व्हिडिओतली माणसं खोटं बोलतात का?’ असं तू विचारलंस. नाही, खोटं बोलत नाहीत. हातपाय गरम वाटले, डोक्यावरचं मळभ गेलं, असं त्यांना खरंच वाटतं. पण तुझ्यासारखा येऊन-जाऊन असणारा एमएस मुळातच मधूनमधून आपोआप निवळतो. तुझी डाव्या डोळ्याची नजर दिवाळीनंतर परत आली, तेव्हा तू कुठल्या विमानात बसली होतीस? घर गहाण टाकून, तासन् तास प्रवास करून, आशेने गेलेल्या माणसाला काहीतरी बरं वाटणारच. वर्षभराने त्यांचं काय झालं, याचा व्हिडिओ सहसा कुणी करत नाही.

आणि परत आल्यावर? मानेतल्या शिरेत गाठ झाली, रक्त पातळ करायच्या गोळ्यांचा डोस चुकला, तर तुझा फोन कोण उचलणार? त्या काळात कोस्टारिकात उपचार घेऊन आलेल्या एका कॅनडियन रुग्णाच्या स्टेंटमध्ये गुठळी झाली आणि तो दगावला. त्यात प्रक्रियेनंतर लगेच लांब विमानप्रवास, म्हणजे बसून बसून रक्त गोठायला आणखी एक निमित्त.

मला सगळ्यात खटकली ती तुझ्या मेलमधली शेवटची ओळ: ‘तोवर इंजेक्शनं बंद ठेवते, पैसे वाचतील.’ हे मात्र करू नकोस. झटक्यांनी होणारं नुकसान साचत जातं, आणि ते शिरा रुंद करून भरून येत नाही. औषध महाग पडतं, मान्य. पण इथे पर्याय आहेत. रिटुक्सिमॅब या औषधाचं भारतात तयार होणारं बायोसिमिलर (मूळ औषधाशी मिळतीजुळती आवृत्ती) २००७पासून मिळतं, आणि २०२३मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एमएससाठी रिटुक्सिमॅब अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातलं. ते तुला चालेल की नाही हे न्यूरॉलॉजिस्ट ठरवतील; आधी हिपॅटायटिस बी आणि टीबीची तपासणी, राहिलेल्या लसी, आणि तुम्हा दोघांचा मुलाचा विचार असेल तर तोही मोकळेपणी सांगायचा. शंका उरली तर दुसरं मत बंगळुरूच्या निम्हान्समध्ये घेऊ. त्यालाच जर प्रवास म्हणायचं असेल तर माझी तयारी आहे.

मल्टिपल स्क्लेरॉसिस सोसायटीची पुण्यात शाखा आहे. तिथे एकदा तरी जा. वर्षानुवर्षं या आजारासोबत नोकरी-संसार करणाऱ्या बायका भेटतील, त्या मावशीपेक्षा जास्त उपयोगी बोलतील. २०१६च्या दिव्यांग कायद्यात एमएसचा समावेश आहे. ऑफिसात वेळेची सवलत मागायला लागली तर त्याचा आधार आहे. लाज वाटायचं कारण नाही. एप्रिल-मेत भर दुपारी बाहेर पडणं टाळ, उन्हाने जुनी लक्षणं डोकं वर काढतात. तो नवा झटका असेलच असं नाही, म्हणून घाबरून क्लिनिकला मेल करू नकोस.

जावईबापूंना सांग, फ्लॅटवरच्या कर्जाचा अर्ज बँकेतून परत घ्या. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांची वेळ घे. नव्या एमआरआयच्या सीडीसोबत जुनीही आण, नुसता रिपोर्ट चालत नाही. संध्याकाळची वेळ असेल तर मी थेट दवाखान्यात येते, सकाळची असेल तर आधी इकडे ये, थालीपीठ खाऊन निघू.

तुझी
मावशी