पायथॉनचे पहिले धडे : रापणीच्या हिशेबातून

१ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्याचे विभाजन होऊन सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला. देवगड, मालवण व वेंगुर्ले या तालुक्यांच्या किनाऱ्यावर रापणीची मासेमारी त्यापूर्वी कित्येक पिढ्यांपासून चालत आलेली आहे. होडीतून लांबलचक जाळे समुद्रात अर्धवर्तुळाकार सोडले जाते आणि त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरून अनेक माणसे मिळून ओढतात. श्रम सामुदायिक असतात आणि विक्रीतून आलेली रक्कमही ठरलेल्या हिश्शांप्रमाणे वाटली जाते. अशा व्यवस्थेत हिशेबाला मोठे महत्त्व असते. बेरजेतील एक चूक प्रत्येकाच्या घरी पोहोचते.

हाच हिशेब संगणकाची पायथॉन ही भाषा नव्याने शिकणाऱ्या विद्यार्थ्यासाठी उत्तम अभ्यास ठरतो. प्रत्येक टोपलीची किंमत विचारावयाची, टोपल्या संपेपर्यंत विचारत राहावयाचे, बेरीज करावयाची आणि हिस्से पाडावयाचे, एवढेच काम आहे. यात माहिती स्वीकारणे आणि आवर्तन, म्हणजेच लूप, हे दोन पाया असलेले विषय येतात. नवशिक्यांच्या बहुतेक चुकाही याच दोन ठिकाणी होतात.

उदाहरणादाखल तीन टोपल्या अनुक्रमे ४५०, ३८० व ५२० रुपयांस गेल्या आणि हिस्सेदार नऊ आहेत, असे समजू. एकूण रक्कम १,३५० रुपये आणि प्रत्येकाचा हिस्सा १५० रुपये, हे उत्तर तोंडीही काढता येते. पुढील प्रत्येक चूक याच उत्तराशी ताडून पाहावी.

कळफलकावरून येतो तो मजकूर

पायथॉनमध्ये वापरणाऱ्याकडून माहिती घेण्यासाठी ‘इनपुट’ हे कार्य योजलेले आहे. त्याने आणलेली माहिती नेहमी मजकूर असते. अंक टंकलेले असले तरी ती संख्या नसते. मजकुराची ‘बेरीज’ म्हणजे जोडणी होय. ४५० आणि ३८० मिळवले असता ८३० न येता ४५०३८० येते. ४५० ला दोनने गुणले तर ४५०४५० मिळते.

अशी उत्तरे विचित्र असल्याने ताबडतोब लक्षात येतात. खरा धोका तुलनेत आहे. लिलावात ९५० आणि १०५० अशा दोन बोली आल्या व त्या मजकूर म्हणूनच ताडल्या गेल्या, तर पायथॉन ९५० ला मोठी ठरवतो. शब्दकोशात शब्द लावावेत त्याप्रमाणे तो पहिले अक्षर पाहतो आणि नऊ हा अंक एकच्या पुढे येतो. आज्ञावली कोठेही अडत नाही, तक्रार करीत नाही, आणि शंभर रुपये कमी बोलणाऱ्यास माल देऊन मोकळी होते. यास्तव माहिती येताच ‘इंट’ या कार्याने तिचे पूर्णांकात, अथवा पैशांसह रक्कम असल्यास ‘फ्लोट’ने दशांश संख्येत रूपांतर करावे.

या बाबतीत जुनी पुस्तके वाचकाची दिशाभूल करू शकतात. पायथॉन ही भाषा गिदो व्हान रॉसम या डच संगणकतज्ज्ञाने घडविली व १९९१ साली प्रथम प्रसिद्ध केली. तिच्या दुसऱ्या आवृत्तीत ‘इनपुट’ टंकलेल्या मजकुराचे मूल्यमापन करीत असे, त्यामुळे संख्या टंकल्यास संख्याच मिळे. तिसरी आवृत्ती २००८ साली आली, तीत हे वर्तन बदलले. दुसऱ्या आवृत्तीचा आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला. तिच्या काळातील उदाहरणे जशीच्या तशी उतरवून घेऊ नयेत.

मराठी अंक आणि स्वल्पविराम

मराठी वाचकांस उपयुक्त अशी एक गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. कळफलकावरून देवनागरीत ४५० टंकले तरी ‘इंट’ ते बिनतक्रार स्वीकारतो व त्याची योग्य संख्या करतो. आज्ञावलीतील नावेही मराठीत ठेवता येतात. मात्र आज्ञावलीच्या मजकुरात प्रत्यक्ष संख्या लिहिताना इंग्रजी अंकच वापरावे लागतात.

याउलट वहीत सर्रास लिहिला जाणारा स्वल्पविराम ‘इंट’ला चालत नाही. १,३५० असे टंकताच तो चूक दर्शवितो. अशा वेळी रूपांतरापूर्वी ‘रिप्लेस’ने स्वल्पविराम काढून टाकावा. संख्येच्या मागेपुढे राहिलेली मोकळी जागा ‘इंट’ स्वतःच दूर करतो. परंतु ‘हो’ किंवा ‘नाही’ अशा उत्तरांतील मोकळी जागा ‘स्ट्रिप’ने काढावी लागते, अन्यथा दिसण्यात सारखी असलेली दोन उत्तरे जुळत नाहीत.

चुकीची नोंद आल्यास

एखाद्याने अंकांऐवजी ‘साडेचारशे’ असे लिहिले, तर ‘इंट’ ‘व्हॅल्यूएरर’ नावाची चूक उभी करतो आणि आज्ञावली तेथेच बंद पडते. तोपर्यंतच्या सर्व नोंदी वाया जातात. यावर उपाय म्हणजे रूपांतराची ओळ ‘ट्राय’खाली लिहावी व ‘एक्सेप्ट’खाली ‘कृपया रक्कम अंकांत लिहावी’ अशी सूचना देऊन पुन्हा विचारावे.

येथे नवशिके विद्यार्थी ‘एक्सेप्ट’पुढे चुकीचे नाव न लिहिता सर्वच चुका झाकून टाकतात. नियंत्रण कळ व ‘सी’ ही कळ एकत्र दाबून आज्ञावली थांबविण्याची सोयही मग त्यात गिळली जाते आणि आवर्तन थांबेनासे होते. म्हणून ‘व्हॅल्यूएरर’ एवढीच चूक नावानिशी पकडावी. तसेच ऋण रक्कम ही पायथॉनच्या दृष्टीने वैध संख्या असते. ती नाकारण्याची अट स्वतंत्रपणे घालावी लागते.

न थांबणारे आवर्तन

‘व्हाइल’ हे आवर्तन अट खरी असेपर्यंत चालते. अटीत ज्या किमतीचा उल्लेख आहे ती आवर्तनाच्या आत बदलली नाही, तर ते कधीच थांबणार नाही. रक्कम आवर्तनापूर्वी एकदाच विचारली आणि आत पुन्हा विचारली नाही, तर पहिल्याच टोपलीची बेरीज अखंड होत राहते.

दुसरे कारण अटीच्या भाषेत असते. ‘उत्तर हो नसेल किंवा उत्तर नाही नसेल, तोवर विचारत राहा’ ही अट ऐकण्यास ठीक वाटते. परंतु ‘हा मासा बांगडा नाही किंवा सुरमई नाही’ हे विधान जगातील प्रत्येक माशाविषयी खरे आहे. बांगडा सुरमई नसतो आणि सुरमई बांगडा नसते. येथे ‘ऑर’च्या जागी ‘अँड’ हवा.

तिसरे कारण खुणेचे. रक्कम शून्य लिहिली की नोंद संपली, असा संकेत ठेवला आणि तुलना मजकुराशी केली, तर देवनागरी शून्य व इंग्रजी शून्य ही दोन वेगळी अक्षरे ठरतात व आवर्तन चालूच राहते. आधी संख्येत रूपांतर करून मग तुलना केल्यास हा प्रश्न उरत नाही.

बेरीज कोठे, मोजणी केव्हा

एकूण रकमेस आरंभी शून्य किंमत द्यावयाची असते. ती ओळ आवर्तनाच्या आत गेली, तर प्रत्येक टोपलीला बेरीज पुसली जाते व अखेरीस फक्त ५२० उरतात. पायथॉनमध्ये ओळ आत आहे की बाहेर, हे डावीकडील समासावरून ठरते. एका पातळीस चार मोकळ्या जागा सोडण्याचा प्रघात आहे, तो कटाक्षाने पाळावा.

थांबण्याच्या खुणेची तपासणी बेरीज व मोजणी यांच्या आधी झाली पाहिजे. ती नंतर केल्यास शून्याने बेरीज बिघडत नाही, परंतु टोपल्यांची संख्या चार होते. मग सरासरी किंमत ४५० ऐवजी ३३७ रुपये ५० पैसे निघते.

टोपल्यांची संख्या आधीच ठाऊक असेल, तर ‘फॉर’ आवर्तन सोयीचे पडते. मात्र ‘रेंज’मध्ये शेवटची संख्या धरली जात नाही. एक ते तीन असे लिहिल्यास एक व दोन एवढ्याच फेऱ्या होतात. तिसरी टोपली विचारलीच जात नाही, एकूण ८३० येतात आणि हिस्सा ९२ रुपये २२ पैशांवर उतरतो. प्रत्येक हिस्सेदाराचे सुमारे ५८ रुपये नाहीसे होतात, आणि पडद्यावर चुकीची एकही सूचना नसते. चुकीची नोंद ‘कंटिन्यू’ने वगळली असताही हेच घडते, कारण ‘फॉर’ची ती फेरी खर्ची पडलेली असते. म्हणून योग्य रक्कम मिळेपर्यंत विचारणारे ‘व्हाइल’ आवर्तन ‘फॉर’च्या आत योजावे.

पडताळणीची शिस्त

आज्ञावली अडून पडते ती चूक त्रासदायक असली तरी प्रामाणिक असते. ती स्वतःची जागा दाखवते. नीटनेटके दिसणारे परंतु खोटे उत्तर देणारी चूक अधिक घातक होय. तिच्यावर उपाय एकच : ज्याचे उत्तर हाताने काढता येते असा लहान हिशेब आधी करून पाहणे. त्यानंतर एकही टोपली नसणे, एकच टोपली असणे, स्वल्पविरामासह रक्कम, देवनागरी अंक आणि अक्षरी रक्कम या पाच परीक्षा घ्याव्यात. टोपली नसताना सरासरी काढू पाहिल्यास शून्याने भागाकाराची चूक उद्भवते, तीही येथेच उघडकीस येते.

किनाऱ्यावरचा हिशेब चारचौघांसमक्ष होतो आणि ज्याला शंका येईल तो तेथल्या तेथे विचारू शकतो. संगणकाच्या आत चाललेला हिशेब हिस्सेदारांना दिसत नाही. त्यांच्या वतीने शंका विचारण्याचे काम आज्ञावली लिहिणाऱ्यालाच करावे लागते, आणि ही सवय पहिल्या धड्यापासून लागणे हितावह आहे.