मत्स्यपेटीशेजारची बादली

परिसर अभ्यासासाठी काही प्राथमिक शाळांतून काचेची मत्स्यपेटी ठेविलेली असते. तीत डास होतील अशी शंका पालक कधीकधी घेतात. परंतु ज्या पेटीत गप्पी मासे हिंडत आहेत, तीत डासांच्या अळ्यांचा सहसा निभाव लागत नाही. खरा धोका असतो तो पेटीशेजारी भरून ठेविलेल्या बादलीत.

नळाच्या पाण्यात जंतुनाशासाठी क्लोरीन मिसळलेला असतो. तो माशांच्या कल्ल्यांस अपाय करतो. म्हणून पाणी एकदोन दिवस उघड्या भांड्यात ठेवून मग ते पेटीत घालण्याचा प्रघात आहे. घट्ट झाकण लाविल्यास क्लोरीन नीट उडून जात नाही, आणि भांडे उघडे ठेविल्यास डासाच्या मादीस आयती जागा मिळते. डेंग्यू व चिकुनगुनिया पसरविणारा एडिस इजिप्ती हा डास गटारापेक्षा असल्या स्वच्छ, स्थिर पाण्याचाच आश्रय करतो. शिवाय तो दिवसा चावतो. म्हणजे नेमका शाळेच्या वेळात!

यावर उपाय सोपा आहे. बादलीच्या तोंडावर विरळ विणीचे धुतलेले फडके ताणून बांधावे. त्यातून हवा खेळते, डास शिरत नाही. मात्र फडके सैल पडून पाण्यास टेकता कामा नये, नाहीतर ओल्या फडक्यावरच अंडी घातली जाण्याचा संभव असतो.

उष्ण हवेत अंड्यापासून उडणारा डास तयार होण्यास साधारणतः ७ ते १० दिवस लागतात. रोज वापरात असलेल्या बादलीत तेवढी सवड मिळत नाही. दिवाळीच्या सुटीत विसरलेल्या बादलीत ती भरपूर मिळते. तेव्हा आठवड्यातून एकदा भांडे पूर्ण रिकामे करून कोरडे करावे. केवळ पाणी ओतून देणे पुरेसे नाही. एडिसची मादी पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, भांड्याच्या ओलसर कडेला अंडी चिकटविते. ती कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात व पुन्हा पाणी लागताच फुटतात. म्हणून कडा काथ्याने अगर ब्रशाने खरवडून घासावी. मासे मरून गेल्यावर तशीच कोपऱ्यात पडून राहिलेली पाण्याची पेटी तर बादलीहूनही वाईट होय.

अळ्या आढळल्याच तर त्यांचा पाठासाठी उपयोग करावा. थोड्या अळ्या काचेच्या बाटलीत घेऊन तोंडावर फडके बांधावे. एडिस व क्युलेक्सच्या अळ्या शेपटीकडील श्वासनळी पृष्ठभागास लावून डोके खाली सोडून लोंबतात; हिवतापाच्या ॲनॉफिलीसची अळी पृष्ठभागाशी समांतर पडून राहते. बाटलीवर हाताची सावली पडताच अळ्या वळवळत तळाशी जातात. हे मुलांना फार आवडते. पुढे अळीचा स्वल्पविरामासारखा वाकडा कोष होतो. तो काही खात नाही, पण हालचाल करतो. रोनाल्ड रॉस यांनी दि. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे डासाच्या जठरात हिवतापाचे परोपजीवी पाहिले, तेही अळ्यांपासून वाढविलेल्या डासांतच. मुलांना येथे ही हकीकत अवश्य सांगावी.

कोष दिसताच निरीक्षण थांबवावे. बाटलीतील अळ्या गाळून गप्पींच्या पेटीत सोडल्यास त्या कशा फस्त होतात ते मुलांस प्रत्यक्ष पाहता येते. मासे नसल्यास पाणी कोरड्या मातीवर, उन्हात ओतावे; गटारात ओतू नये. गटारावर कधीकधी टाकतात तसले तेल माशांच्या पाण्यात मुळीच घालू नये. ते मासे मारील.

गप्पींची संख्या झपाट्याने वाढते. जास्त झालेले मासे शाळेच्या सिमेंटच्या हौदात किंवा वापरात नसलेल्या टाक्यात सोडावेत. ओढा, नदी वा गावतळे यांत ते सोडू नयेत, कारण हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेकडील असून तो स्थानिक माशांची अंडी व पिले खातो.